पिकअपला जादा डिझेल टाकी लावताय? या चुका टाळा

ओढकामाच्या पिकअपला कंपनीची टाकी पुरत नाही, ही तक्रार खोटी नाही. टाकी असते ५०-६० लिटरची. रिकामी गाडी लिटरला बारा-तेरा किलोमीटर देत असेल, तर मागे थ्रेशर किंवा स्लॅबचे मिक्सर लागले की आकडा आठ-नऊवर येतो. सोयाबीनच्या हंगामात गाडी या शिवारातून त्या शिवारात फिरते आणि पंप असतो तालुक्याला. धारणीकडे किंवा आलापल्लीच्या पुढे गेले की दोन पंपांमधले अंतर आणखी वाढते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. मग टाकीत असेल तेवढेच डिझेल. गरज खरी आहे. पण ती भागवायची तऱ्हा गावोगाव एकच: सकाळी वेल्डिंगच्या दुकानात जायचे, पत्र्याची पेटी ठोकायची, दोन कॉक टाकायचे आणि संध्याकाळी गाडी रस्त्यावर. "काही होत नाही भाऊ" हे वाक्य त्या बिलात फुकट मिळते.

दोन कॉक आणि विसरलेली रिटर्न लाइन

सगळ्यात जास्त गाड्या इथे मरतात, म्हणून हे आधी.

जुन्या ट्रॅक्टरच्या हिशेबाने मिस्त्री विचार करतो: टाकीतून इंजिनकडे एक नळी जाते, तिला टी जोडून दुसरी टाकी लावली की झाले. आजची पिकअप कॉमन रेलची आहे, म्हणजे रेल नावाच्या एका सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचे डिझेल जाते. तिचा हाय प्रेशर पंप जळते त्यापेक्षा कितीतरी जास्त डिझेल ओढतो. वरचे डिझेल पंपाला वंगण आणि गारवा देऊन, गरम होऊन, रिटर्न लाइनने परत टाकीत येते. म्हणजे नळ्या दोन आहेत. सप्लाय जादा टाकीवर फिरवली आणि रिटर्न मूळ टाकीतच राहिली, तर इंजिन एका टाकीतून उपसून दुसरीत ओतत बसते.

दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या थ्रेशरवाल्या एका पिकअपचे असेच झाले. मालक दोन्ही टाक्या काठोकाठ भरून निघायचा आणि "आधी जादा संपवू" म्हणून कॉक तिकडे ठेवायचा. मूळ टाकी आधीच भरलेली, त्यात रिटर्न येतच राहिले. डिझेल झाकणाच्या श्वासातून चॅसिसवर, तिथून मागच्या टायरवर. अॅव्हरेज पाचवर आले. मग फिल्टर बदलला, इंजेक्टर काढून यवतमाळला तपासायला नेले, पंपावर माप कमी देतात म्हणून भांडणही झाले. चॅसिसच्या कडेने डिझेलवर धूळ बसून काळा पट्टा तयार झाला होता, तो मात्र कोणी वाकून पाहिला नाही.

याची दुसरी बाजू जास्त महागात पडते. डॅशबोर्डवरचा काटा मूळ टाकीचा. तो 'फुल' दाखवत होता, कारण तिकडे डिझेल परत येत होते. जादा टाकी मात्र अंदाजापेक्षा लवकर आटली आणि चढावर, मागे थ्रेशर लटकलेले असताना, पंपाने हवा ओढली. ड्रायव्हरने कॉक फिरवला, हँड प्रायमर दाबून-दाबून हवा काढली, गाडी चालू झाली. पण डिझेल हेच पंपाचे वंगण. कोरडा फिरलेला पंप आतून ओरखडतो आणि त्याचा बारीक चुरा रेलमधून इंजेक्टरपर्यंत जातो. महिनाभरात गाडी सकाळी स्टार्ट घेईना. पंप, रेल, चारही इंजेक्टर आणि टाकीची सफाई, असा खर्च लागला. त्या पैशात जादा टाक्या किती आल्या असत्या ते मोजू नये.

सप्लाय आणि रिटर्न एकदम फिरवणारा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह मिळतो आणि तो चांगल्या प्रतीचा असेल तर चालतो. तरी माझे मत वेगळे आहे. इंजिनच्या कुठल्याही नळीला हात लावू नका. जादा टाकीने फक्त मूळ टाकी भरायची, इंजिनशी तिचा संबंध नको. असे केले की हवा, रिटर्न, काटा, सगळे प्रश्न मिटतात. जादा टाकीचा छोटा पंप बिघडलाच तर मूळ टाकीतल्या डिझेलवर गाडी घरी येते.

जोडणीचा क्रम असा. जादा टाकीत वरून उतरलेली सक्शन नळी, तिचे टोक तळापासून २५ मिलिमीटर वर, म्हणजे तळाचे पाणी आणि गाळ ओढला जात नाही. मग हाताचा कॉक, मग जाळीचा फिल्टर, मग १२ व्होल्टचा डिझेल ट्रान्सफर पंप (मिनिटाला दोन लिटरचा पुष्कळ झाला), मग नॉर्मली क्लोज्ड सोलेनॉइड व्हॉल्व्ह (वीज मिळाली तरच उघडणारा), आणि शेवटी मूळ टाकीच्या भरणीच्या रबरी नळीत ८ मिलिमीटरची टी. मूळ टाकीला भोक पाडायचे नाही. ड्रिलचा कीस आत पडतो आणि तो कधी वर येईल याची वेळ तोच ठरवतो.

सोलेनॉइडवर पैसे वाचवणारे बरेच. त्यांचे म्हणणे, पंप बंद म्हणजे डिझेल बंद. तसे नाही. जादा टाकी डाल्यात (मागच्या हौद्यात), म्हणजे मूळ टाकीपेक्षा वर. एकदा नळी भरली की पंप बंद असतानाही सायफनने डिझेल खाली उतरत राहते आणि रात्रभरात मूळ टाकी वाहू लागते. साधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह इथे कामाचा नाही, कारण वाहण्याची दिशा तीच आहे. पंपाबरोबर उघडणारा आणि बंद होणारा व्हॉल्व्हच हवा, तोही डिझेलला चालणाऱ्या सीलचा. पाण्याच्या फिल्टरमधला काढून लावू नये.

वायरिंग रिलेतून, इग्निशन चालू असेल तरच चालेल असे. १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ, पंपाजवळ नाही. स्विच टायमरचा घ्या. माझी सवय: काटा अर्ध्यावर आल्याशिवाय पंप लावायचा नाही आणि लावला की दहा मिनिटे, म्हणजे २० लिटर. ६० लिटरच्या टाकीत अर्ध्यावर ३० असतात, त्यात २० पडून ५० होतात. "पाहत राहतो, भरले की बंद करतो" म्हणणारा माणूस पाचव्या मिनिटाला फोनवर बोलत असतो.

वजन कुठे टाकले

१२० सेंटिमीटर लांब, २५ रुंद, ३० उंच अशी टाकी ९० लिटरची होते. २ मिलिमीटर पत्र्यात, आतल्या आडव्या पट्ट्या धरून तिचे वजन २५ किलोच्या आसपास. डिझेलचे लिटरला सुमारे ८३० ग्रॅम, म्हणजे आणखी ७५. असे १०० किलो झाले. आरसीवर जे एकूण वजन लिहिले आहे त्यातूनच हे वजा होते, आणि मागच्या हिचवर (ओढणीच्या हुकावर) जो भार येतो तोही.

डाल्याच्या शेवटी, फळक्याजवळ टाकी बसवणाऱ्यांनी एवढा हिशेब करावा. समोरच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असेल आणि टाकी मागच्या अॅक्सलच्या १ मीटर मागे असेल, तर १०० किलोच्या टाकीचे मागच्या अॅक्सलवर १३३ किलो पडतात आणि पुढच्यावरून ३३ किलो उचलले जातात. त्यात ८०० किलोचे दोनचाकी थ्रेशर, त्याचा दहावा भाग म्हणजे ८० किलो हिचवर, हिच अॅक्सलच्या सव्वा मीटर मागे: पुढून आणखी ३३ गेले. स्टिअरिंग हलके लागते ते यामुळे. पावसात, उतारावर, ब्रेक मारताना हेच हलके स्टिअरिंग वळवले तरी गाडी वळत नाही, सरळच जाते. टाकी केबिनच्या पाठीला लागून, आडवी, डाल्याच्या पुढच्या टोकाला बसवा.

बोल्ट डाल्याच्या पत्र्यात नकोत. खालच्या क्रॉस मेंबरमध्ये, १० मिलिमीटरचे, ८.८ ग्रेडचे, नायलॉक नटसह, किमान चार. टाकीखाली रबराची पट्टी, नाहीतर घासून पत्रा पातळ होतो. आत दर ४० सेंटिमीटरला आडवी पट्टी, म्हणजे दोन. पट्टीचे खालचे कोपरे कापा, डिझेल सरकेल; वरचेही कापा, हवा सरकेल. पट्ट्याच नसल्या तर अर्ध्या भरलेल्या टाकीतले डिझेल प्रत्येक ब्रेकला पुढच्या भिंतीवर आदळते आणि सांधा तिथेच फुटतो.

"डिझेल काही पेट्रोल नाही"

हे वाक्य गार प्रदेशात निदान अर्धे खरे असेल. आपल्याकडे डिझेलच्या भारतीय मानकात, आयएस १४६० मध्ये, फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश आहे. त्या तापमानाला वरची वाफ ठिणगीने पेटू शकते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो. उन्हातल्या लोखंडी टाकीचे विचारूच नका. म्हणून ठिणगी पडू नये यासाठी टाकीपासून चॅसिसला अर्थिंगची वेणीची तार लावा. कॅन भरताना तो डाल्यात ठेवून भरू नका, जमिनीवर उतरवून भरा.

वापरलेल्या टाकीला किंवा ऑइलच्या ड्रमला वेल्डिंग तर अजिबात नको. "धुऊन घेतली" याला काही अर्थ नाही. सांध्यात राहिलेले थेंब वेल्डिंगच्या उष्णतेने वाफ होतात आणि बंद पेटीत तेवढी वाफ स्फोटाला पुरते. गळकी जुनी टाकी भंगारात द्या, नवा पत्रा घ्या.

श्वास आणि जागा

व्हेंट (हवा आत-बाहेर जाण्याची नळी) न ठेवलेली टाकी पंपाने चेपते. ठेवलेली पण उघडी नळी कापसाच्या तंतूंनी आणि मळणीच्या भुशाने बुजते, परिणाम तोच. ८ मिलिमीटरची नळी वर नेऊन वळवून तोंड खाली करा, टोकाला छोटा ब्रीदर फिल्टर आणि बुडाशी रोलओव्हर व्हॉल्व्ह, म्हणजे गाडी कलंडली तरी डिझेल बाहेर येत नाही.

काठोकाठ भरायचा मोह आवरा. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतले डिझेल ३० अंशांचे असेल आणि उन्हात ५० चे झाले, तर ८५ लिटरचे दीड लिटरने फुगते. वरच्या मापाच्या टाकीत भरणीचा गळा आत १५ मिलिमीटर उतरवा. तेवढ्यात साडेचार लिटर जागा राहते. पंपावर नोझल पहिल्यांदा कट झाले की थांबा. वरून "राउंड फिगर" करू नका.

बाकीच्या, ज्यांना एक ओळ पुरे

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा, जीआय निपल आणि तांब्याची नळी नको. जस्त डिझेलमध्ये उतरते आणि इंजेक्टरवर बसते. पारदर्शक पीव्हीसी नळी दोन उन्हाळ्यांत काचेसारखी तडकते, फ्यूएल होजच घ्या. आतून रेड ऑक्साइड मारू नका, त्याच्या पापुद्र्यांनी फिल्टर भरतो. नवी टाकी पाच-पाच लिटर डिझेलने दोन-तीनदा विसळा आणि ते फडक्यातून गाळून पाहा. पहिल्या खेपेला निघणारे वेल्डिंगचे खडे पाहिल्यावर कंटाळा आपोआप जातो. तळाला ड्रेन कॉक हवाच, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला सकाळी गाडी हलवण्याआधी तो उघडून पाणी काढायचे.

गळती तपासताना कॉम्प्रेसर सरळ लावू नका. ३ पीएसआय आणि साबणाचे पाणी एवढेच. ३ पीएसआय ऐकायला किरकोळ वाटते, पण १२० बाय ३० च्या भिंतीवर ते साडेसातशे किलो होतात. टायरच्या हवेएवढा दाब दिला तर टाकीचा ढोल होतो.

कागद

ही चूक टाकी लावून झाल्यावर लक्षात येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. फिटनेसला गाडी अडते ते वेगळे, आणि अपघातानंतर विमा कंपनीला नकार द्यायला आयते कारण मिळते. म्हणून पत्रा कापण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा, टाकीचे माप आणि जोडणीचे चित्र जोडून. उत्तर तोंडी घेऊ नका.

नकार आला तर टाकी लपवून बसवण्यापेक्षा २० लिटरचे, इंधनासाठीच बनवलेले दोन धातूचे जेरीकॅन डाल्यात पट्ट्याने आवळून न्या. ४० लिटर म्हणजे ओढकामातही तीनशे किलोमीटरच्या वर झाले. खरे तर निम्म्या लोकांना एवढेच पुरते. फक्त कॅन कसला, ते पाहा. तणनाशकाचा रिकामा कॅन धुऊन डिझेलला वापरणे कपाशीच्या पट्ट्यात सर्रास चालते. त्या औषधात साबणासारखे द्रव्य असते, ते कितीही धुतले तरी थोडे राहते आणि डिझेलमधल्या पाण्याला डिझेलमध्येच मिसळून टाकते. मिसळलेले पाणी सेपरेटरला वेगळे काढता येत नाही, वॉर्निंगचा दिवा लागत नाही, आणि ते सरळ हाय प्रेशर पंपात जाते.