जावा वेब-अ‍ॅप्लिकेशन सुरू व्हायला वेळ का लागतो, ते कसे शोधावे

रत्नागिरीकडच्या काही बागायतदारांच्या आंबापेट्यांची नोंदणी करणारे एक लहानसे जावा अ‍ॅप्लिकेशन टॉमकॅट या जावाच्या वेब-सर्व्हरवर चालते आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज गेली आणि यूपीएसही संपला, की वीज परतल्यावर सर्व्हर आपोआप सुरू होतो. मात्र एरवी अर्ध्या मिनिटात उभे राहणारे अ‍ॅप्लिकेशन अशा वेळी काही मिनिटे घेई. मेमरी वाढवून पाहिली, पण फरक पडला नाही.

अशा वेळी पहिला प्रश्न एवढाच विचारावा, की प्रोसेसर राबतो आहे की नुसता वाट पाहतो आहे. टॉप ही आज्ञा चालवून जावाचा भार पाहावा आणि अ‍ॅप्लिकेशन सुरू होत असतानाच जेस्टॅक या जावाच्या साधनाने पाच-पाच सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड-डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड (कामाचा स्वतंत्र धागा) त्या क्षणी कोडच्या कोणत्या ओळीवर आहे याच्या नोंदी, घ्याव्यात. तिन्हींमध्ये मेन किंवा स्टार्टस्टॉप नावाचा थ्रेड एकाच ओळीवर अडलेला दिसला, तर दोषी बहुधा तिथेच सापडतो.

भार कमी आणि थ्रेड नेटवर्कच्या ओळीवर, हे आमचे दुखणे होते. वीज आली तरी ब्रॉडबँड परतायला वेळ लागतो. तोवर यंत्राला स्वतःचेच नाव डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारावे लागते आणि उत्तर येत नाही. यंत्राचे नाव त्याच्यावरच्याच होस्ट्स या नाव-पत्त्यांच्या फाइलमध्ये लिहिल्याने तो भाग संपला. दुसरा भाग एका जुन्या एक्सएमएल फाइलचा होता: तिची डीटीडी (रचनेचे नियम सांगणारी फाइल) पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचणारा भाग, दर वेळी इंटरनेटवरून आणू पाहत होता, म्हणून तिची प्रत स्थानिक ठेवली. डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर असेल, तर त्याच्या जोडणीला कालमर्यादा घातलेली आहे ना, हेही तपासावे.

थ्रेड सिक्युअर-रँडमवर, म्हणजे जावात यादृच्छिक आकडे बनवणाऱ्या भागावर, अडलेला असेल, तर कारण वेगळे असते. सेशनचे क्रमांक बनवायला टॉमकॅटला यादृच्छिक बीज (आकडे बनवण्याचा आरंभबिंदू) लागते आणि लिनक्सच्या जुन्या कर्नेलवर (गाभ्यावर) डेव्ह-रँडम हा यादृच्छिक आकड्यांचा स्रोत पुरेशी एन्ट्रॉपी, म्हणजे अंदाज न बांधता येणाऱ्या घडामोडींचा साठा, जमेपर्यंत थांबवून ठेवतो. कीबोर्ड, माउस नसलेल्या आभासी यंत्रावर तर फारच. असा विलंब जास्त झाला की टॉमकॅट लॉगमध्ये किती मिलिसेकंद गेले ते स्वतःच लिहितो. जावाचा बीज-स्रोत डेव्ह-यूरँडम या न थांबवणाऱ्या स्रोताकडे वळवावा. २०२० च्या ५.६ कर्नेलपासून डेव्ह-रँडम एकदा सुरुवातीची तयारी झाल्यावर थांबत नाही, त्यामुळे नव्या यंत्रावर हा उपाय आधीच लावून बसण्यात अर्थ नाही.

प्रोसेसर खरोखर राबत असेल, तर बहुधा जार फाइलींची (जावा कोडच्या गठ्ठ्यांची) झडती चालू असते. सर्व्हलेट (जावा वेब-अ‍ॅप्लिकेशनचे प्रमाणक) ३.० पासून सर्व्हर प्रत्येक जारमध्ये अ‍ॅनोटेशन (कोडमधल्या खुणा) आणि वेब-फ्रॅगमेंट (जोड-मांडणीच्या फाइली) शोधतो. शिवाय जेएसपी या जावाच्या वेब-पानांसाठी टीएलडी, म्हणजे त्यांतल्या टॅगांचे वर्णन करणाऱ्या फाइलीही धुंडाळतो. ज्यात हे काही नाही त्या जारांची नावे कॅटालिना-प्रॉपर्टीज या टॉमकॅटच्या मांडणी-फाइलमधील वगळण्याच्या यादीत घालावीत. मात्र यादीत डोळे झाकून सगळेच टाकू नये, कारण एखादा टॅग किंवा फिल्टर गुपचूप नाहीसा होतो आणि तो शोधण्यात वाचलेल्या सेकंदांपेक्षा अधिक दिवस जातात.