जुन्या झेरॉक्स मशीनचं स्कॅन नव्या कॉम्प्युटरवर आणताना

मालवणात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मशीन २००९ चं, ए-थ्री काचेचं. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईकर गावी आले की सामाईक जमिनीचे फेरफार नि नकाशे घेऊन रांग लागते. घडीवर विरलेले ते कागद फीडरमध्ये घातले की फाटलेच, काचेवरच अलगद पसरावे लागतात. म्हणून हे मशीन मला सोडवत नाही.

गेल्या पावसात कॉम्प्युटर बदलला, विंडोज ११ आलं आणि स्कॅन फोल्डरमध्ये पडेना. मशीनला फक्त एसएमबी१ कळतं, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरच्या फोल्डरात फाइल टाकायची जुनी पद्धत, आणि २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ते आपोआप चालू नसतं. कुणालाही विचारा, 'विंडोज फीचर्समध्ये जाऊन चालू कर' म्हणतात. चालू होतं, पण तसं करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस एसएमबी१ मधल्या भोकातूनच जगभर पसरला. माझ्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांची आधार कार्डं असतात, सातबारे असतात. तिथे मी हे दार उघडणार नाही.

मी मशीन आणि कॉम्प्युटरच्या मध्ये एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा लिनक्सवरचा कॉम्प्युटर, बसवला. त्याला यूएसबीचं दुसरं लॅन पोर्ट लावा आणि मशीनची केबल थेट त्यात घाला, राउटरला नको. पायच्या त्या पोर्टला १९२.१६८.५०.१ द्या, मशीनला १९२.१६८.५०.२. मशीनचा गेटवे रिकामा ठेवा, म्हणजे त्याला बाहेरची वाटच नाही.

मग पायवर सांबा टाका, म्हणजे लिनक्सवरचं फोल्डर नेटवर्कवर उघडून देणारं सॉफ्टवेअर. २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून सांबानेही एसएमबी१ बंद ठेवलंय, म्हणून सेटिंगच्या फाइलमध्ये 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल' पुढे 'एनटी१', म्हणजे एसएमबी१च, लिहावं लागतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'इंटरफेसेस' मध्ये 'एलओ' (पायचं स्वतःपुरतं आतलं पोर्ट) आणि ते यूएसबीचं दुसरं पोर्ट, एवढंच ठेवा आणि 'बाइंड इंटरफेसेस ओन्ली' ला 'येस' करा. हे राहिलं तर जुनं दार राउटरच्या बाजूलाही उघडं पडतं आणि सगळी मेहनत फुकट. स्कॅनसाठी वेगळा युजर करा, पासवर्ड साधा, चिन्हांशिवाय. तरी मशीन लॉगिन नाकारत असेल तर 'एनटीएलएम ऑथ' पुढे 'एनटीएलएमव्ही१-परमिटेड' लिहा, म्हणजे पासवर्ड तपासायची जुनी पद्धत चालते. माझं तिथेच अडलं होतं, दोन संध्याकाळी गेल्या. मशीनच्या अ‍ॅड्रेस बुकात पायचं नाव न घालता आयपीच घाला.

नव्या कॉम्प्युटरवरून पायवरचे स्कॅन उचलायला विनएससीपी हे फाइली आणायचं सॉफ्टवेअर वापरा. ते एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून चालतं, त्यामुळे विंडोजमध्ये काहीच बदलावं लागत नाही.

एवढं करूनही मध्येच तुटत असेल तर आधी केबलचं टोक बघा. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने स्वस्तातल्या कनेक्टरच्या पिना वर्षभरात हिरव्या पडतात. नवीन टोक मारून घ्या. आणि मृगाच्या तोंडावर गडगडायला लागलं की दोन्ही केबली आणि वायरचा प्लग काढून ठेवा. माझं एक लॅन पोर्ट विजेनेच गेलंय.