गोव्यात मदतनिधीसाठी सामूहिक सायकल सफर कशी करावी

एखाद्या संस्थेसाठी निधी जमवायच्या हेतूने पंधरा-वीस जणांनी चार-पाच दिवस एकत्र सायकल चालवायची असेल, तर सराव सुरू करण्याआधीच दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: पैसा कोणाकडे जाईल आणि वेग कोण ठरवील. बहुतेक गटांत कुरबूर होते ती या दोनच बाबतींत.

पैशांची व्यवस्था आधी करावी

संस्था नोंदणीकृत असावी आणि देणगी थेट तिच्याच बँक खात्यात जमा व्हावी. गटातील कोणाच्याही वैयक्तिक खात्यातून ती फिरू नये. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिल्यास देणगीदाराला आयकरात वजावट मिळत नाही, हे आवाहनातच लिहावे. राहणे, जेवण, सोबतची गाडी आणि सुटे भाग यांचा खर्च मात्र सहभागी सायकलस्वारांनी वर्गणी काढून भागवावा. देणगीतून टी-शर्ट छापणे मला तरी अप्रशस्त वाटते. उद्दिष्टाची बरीचशी रक्कम निघण्यापूर्वीच जमलेली असावी, कारण सफर संपली की मागणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा, दोघांचाही उत्साह ओसरतो.

हंगाम आणि वाट

गोव्याच्या उत्तर सीमेवरील पत्रादेवीपासून दक्षिण सीमेवरील पोळे गावापर्यंतचे महामार्गाचे अंतर दीडशे किलोमीटरांच्या आतच भरते आणि कसलेला सायकलस्वार ते एका दिवसात कापू शकतो. म्हणून लांब पल्ल्याची सफर करायची तर महामार्ग शक्य तितका टाळून, किनाऱ्याने आणि आतल्या तालुक्यांतून वळसा घेणारी वाट आखावी. नाताळ ते नववर्ष या दिवसांत किनाऱ्याचे रस्ते वाहनांनी भरलेले असतात आणि सेंट फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या (सणाच्या) आसपास जुन्या गोव्याकडे भाविकांची रीघ लागते, त्यामुळे जानेवारीचा मध्य बरा पडतो.

पहिल्या दिवशी पत्रादेवीहून पेडणे, शिवोली, म्हापसा असे येऊन चोडण बेटावरून फेरीबोटीने रायबंदरला उतरता येते. बोटीत इतर वाहनेही असल्यामुळे सगळा गट एका खेपेत मावेलच असे नाही. पुढे गेलेल्यांनी धक्क्यावर थांबून राहावे. धक्क्याचा ओला उतार आणि बोटीची लोखंडी फळी निसरडी असते, तेव्हा सायकल हातात धरूनच चढावे. दुसऱ्या दिवशी जुने गोवे, म्हार्दोळ, कवळे, फोंडा आणि बोरीच्या पुलावरून मडगाव गाठावे.

तिसरा दिवस सर्वांत कठीण. असोळणा-बेतुलपर्यंत रस्ता सपाट आहे. तेथून काब द राम किल्ल्याच्या बाजूने आगोंदकडे जाताना तीव्र चढ एकामागून एक येतात. या दिवसाचे अंतर मुद्दाम कमी ठेवावे आणि मुक्काम काणकोणात करावा. परतताना करमल घाटाने बाळ्ळी, केपे या बाजूने वर यावे. सावर्डे-कुडचडेच्या खनिजपट्ट्यातून जायचे झाल्यास अवजड ट्रक आणि तांबडी धूळ यांची तयारी ठेवावी.

सराव आणि सायकल

किमान दोन महिने आधी सराव सुरू करावा. एकाच दिवशी मोठे अंतर तोडण्यापेक्षा शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस मध्यम अंतर चालवण्याचा उपयोग अधिक होतो, कारण सफरीत खरी परीक्षा थकलेल्या पायांनी पुन्हा सायकलवर बसण्याची असते. खाऱ्या हवेने चेन लवकर गंजते, म्हणून ती रोज पुसून तेल द्यावे. घाट उतरण्याआधी ब्रेकचे पॅड तपासावेत आणि प्रत्येकाने आपल्या मापाच्या दोन ट्यूब जवळ बाळगाव्यात.

रस्त्यावरचा दिवस

जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पाचला उठल्याशिवाय वीस जणांची न्हाणीघरे आणि शौचालये वेळेत मोकळी होत नाहीत, हा हिशेब नवख्यांच्या लक्षात येत नाही. उजाडताच निघावे आणि उन्हे तापण्यापूर्वी, अकरा-साडेअकरापर्यंत, मुख्य अंतर संपवावे. वाटेत भोंगा वाजवीत सायकलवरून पाव विकणारा पोदेर भेटला, तर त्याच्याकडून गरम उंडे (गोल पाव) घ्यावेत; भाजीबरोबर ते तासाभराची चढण सहज निभावतात. दहाच्या थांब्याला उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे मिळाले, तर पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जाते. एरवी तासाला निदान अर्धा लिटर पाणी प्यावे आणि त्यात अधूनमधून जलसंजीवनीची पूड मिसळावी.

एक अनुभवी स्वार सर्वांपुढे आणि दुरुस्ती येणारा एक सर्वांमागे असावा. पुढच्याला कोणी ओलांडू नये, मागच्याच्या मागे कोणी राहू नये. वेग मागून ठरतो: सर्वांत संथ सहकारी ज्या गतीने धापा न टाकता बोलू शकतो, ती गटाची गती. हे मान्य नसलेल्या वेगवान स्वारांना फार तर ठरलेल्या चढावर मोकळे सोडावे आणि माथ्यावर थांबायला सांगावे. अरुंद रस्त्यांवर एकेरी रांगेत चालावे आणि उतारावर अंतर वाढवावे. खड्डा दिसताच पुढच्याने हात दाखवून ओरडावे आणि प्रत्येकाने ती सूचना मागे पोहोचवावी.

सोबतची गाडी नेहमी गटाच्या मागे हवी, विशेषतः काणकोणच्या बाजूला. अपघातात १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. मोठी रुग्णालये बांबोळी, म्हापसा आणि मडगाव येथे आहेत, हे सर्वांना ठाऊक असावे.

मुक्काम

फोंडा तालुक्यात रात्र काढायची असल्यास देवस्थानांच्या अग्रशाळांत (भाविकांच्या निवासांत) आधी पत्र देऊन जागेची चौकशी करावी. माघात कवळे आणि मंगेशी येथील जत्रा असतात, त्या तिथी पंचांगात पाहून टाळाव्यात. अग्रशाळेत देवस्थानाचे नियम पाळावेत, आणि सायकलचे तंग कपडे घालून गाभाऱ्यासमोर जाऊ नये, हे तरुणांना आधीच सांगावे. इतरत्रही सोमवारी-गुरुवारी शिवराक (शाकाहारी) जेवणारे किती, हे स्वयंपाक करणाऱ्याला आदल्या दिवशी कळवावे. गोव्यात आलोच आहोत म्हणून रात्री फेणी घेणाऱ्याचे दुसऱ्या दिवशीच्या उन्हात काय होते, ते मी येथे सांगत बसत नाही.

पोहोचल्याबरोबर आधी अंघोळ आणि सायकलची पॅड लावलेली चड्डी धुणे, मग चहा. दमट हवेत जाड पॅड रात्रभरात वाळत नाही. तो उलटा करून पंख्याखाली टांगावा आणि दुसरी कोरडी चड्डी राखून ठेवावी. ओल्या कपड्यांत बसल्याने मांड्यांना होणारे घासे हे सफर अर्धवट सोडण्याचे नेहमीचे कारण आहे. घोरणाऱ्यांची खोली वेगळी करावी. यात संकोच करू नये. जेवणापूर्वी पंधरा मिनिटांची बैठक घेऊन दुसऱ्या दिवशीची वाट, तक्रारी आणि त्या दिवशी जमा झालेली देणगी हे सर्वांसमोर मांडावे. गावात सत्कार ठेवला असल्यास संस्थेविषयी एकानेच, पाच मिनिटे बोलावे.

परतल्यानंतर

महिन्याच्या आत संस्थेकडून जमा रकमेचे पत्र घेऊन ते सर्व देणगीदारांना पाठवावे. पावती न मिळालेल्यांची यादी संस्थेला द्यावी. वर्गणीतून पैसे उरले असतील, तर ते परत करायचे की संस्थेला द्यायचे, हे सहभागींना विचारूनच ठरवावे.