टिफलिंग खेळताय? या चुका टाळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत, फासे टाकत खेळायचा कथाखेळ. त्याच्या नव्या गटात एक जण तरी टिफलिंग, म्हणजे सैतानी वारसा अंगावर घेऊन जन्मलेलं पात्र, घेतोच. कपाळातून निघालेली शिंगं, जाड शेपटी, अणकुचीदार दात, आणि डोळे असे की बुबुळ कुठलं नि पांढरं कुठलं ते कळू नये, सगळा एकच रंग. चित्र पाहूनच पोरं भुलतात आणि पहिल्याच बैठकीत आरडाओरडा सुरू करतात. वऱ्हाडातल्या खेड्यात, मराठीत हा खेळ मांडणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण इतकं चांगलं पात्र दोन-तीन ठरलेल्या चुकांपायी वाया जाताना बघवत नाही.

राक्षस समजून खेळणं

टिफलिंग हा माणसाच्याच वंशातला. १९९४ साली या खेळाच्या प्लेनस्केप नावाच्या काल्पनिक जगात तो पहिल्यांदा आला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तो मुख्य नियमपुस्तकात पोचला, आणि तिथे बाएल तुराथ नावाच्या साम्राज्याची कथा आली: सत्तेसाठी सरदारांनी सैतानांशी करार केला आणि त्याची खूण वंशजांच्या अंगावर उतरली. म्हणजे सौदा पूर्वजांचा, भोग नातवंडांचा. स्वभाव काही वारशाने येत नाही. टिफलिंग वैद्य असू शकतो, हिशेबनीस असू शकतो, गावची विहीर बांधणारा गवंडी असू शकतो.

खरं तर आपल्याला हे अवघड जाऊ नये. अकोला जिल्ह्यात सांगोळा गावी दहा तोंडांच्या रावणाची काळ्या दगडातली मूर्ती आहे आणि गावकरी तिची पूजा करतात. रूप भयंकर असलं तरी त्यामागे विद्वान, मानी, आपला माणूस पाहण्याची दृष्टी या मातीत आधीपासून आहे. तीच टेबलावर आणा.

उःशाप शोधत बसणं

आपल्या पुराणकथांत शाप आला की मागोमाग उःशाप येतो. म्हणून खेळाडू डीएमला (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) विचारत राहतात, ‘शिंगं कधी जातील?’ आणि डीएमही बिचारा कुठल्यातरी मंदिरातलं तीर्थ शोधायची मोहीम रचतो. ती मोहीम संपली की पात्रही संपतं, कारण जे खेळायचं होतं तेच काढून टाकलेलं असतं. शिंगं राहणारच आहेत असं धरून चाला. मग खरे प्रश्न पुढे येतात: याला घर भाड्याने कोण देतं? याच्या शब्दावर पंच विश्वास ठेवतात का?

अख्ख्या गावाला एकच चेहरा देणं

ही चूक डीएमची, आणि सगळ्यात मोठी. टिफलिंग वेशीत शिरला की गाव दगड घेऊन धावतं, नाहीतर कुणालाच काही वाटत नाही. दोन्ही खोटं. आपलं गाव असं वागत नाही हे आपल्याला ठाऊक आहे.

आठवडी बाजार मांडून पाहा. धान्यवाला पायलीभर ज्वारी मोजून देतो, मापात खोट करत नाही, पण पैसे हातात घेत नाही, ‘पोत्यावर ठेव’ म्हणतो. पोरं शेपटी पकडायला मागे लागतात. पानठेल्यावरची चर्चा तो दिसताच थांबते. पाटील सगळ्यांदेखत नमस्कार घेत नाही, आणि रात्री पोराचा ताप उतरत नाही म्हणून त्यालाच निरोप धाडतो. आणि एखादी म्हातारी जवळ येऊन सरळ विचारते, ‘शिंगं दुखतेत काय रे बाप्पा?’ या एका प्रश्नावर खेळाडूला जे उत्तर सुचेल, त्यातून पात्र उभं राहतं. इथे फासे टाकू नका. बोलू द्या.

एक मात्र कटाक्षाने पाळा. टिफलिंगवर कुठल्याही जित्याजागत्या समाजाचं नाव, बोली किंवा पेहराव चिकटवू नका. जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा प्रकार आपल्याकडे कायद्यानेच झाला आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पारध्याच्या पोराकडे बघणारी नजर अजून सगळ्या गावांतून गेलेली नाही. ती नजर कशी असते हे खेळात दाखवा. ती सोसणाऱ्यांना शिंगं लावू नका.

नियमांतले घोळ

सर्वात जास्त भांडणं अंधारावरून होतात. २०१४ च्या आवृत्तीत पाचव्या लेव्हलला टिफलिंगला डार्कनेस हा काळोख पाडणारा मंत्र मिळतो आणि खेळाडू म्हणतो, ‘मले त अंधारात दिसते!’ साध्या अंधारात ६० फुटांपर्यंत दिसतं, तेही करड्या छटांत. पण या मंत्राचा १५ फूट त्रिज्येचा काळोख डार्कव्हिजनलाही, म्हणजे अंधारात पाहण्याच्या या शक्तीलाही, भेदता येत नाही. तो टाकून आत उभे राहिलात तर तुम्हीही आंधळेच. टाकायचा तर धनुर्धाऱ्यांवर टाका, आपण बाहेर राहा.

आगीचंही तसंच. रेझिस्टन्स म्हणजे नुकसान अर्धं: १५ आलं तर ७ लिहा. जळत्या कुटाराच्या ढिगात खुशाल बसता येईल असा त्याचा अर्थ नाही.

तिसऱ्या लेव्हलला मिळणारा हेलिश रिब्यूक, म्हणजे मारणाऱ्यालाच भाजणारा मंत्र, आपली पाळी येईपर्यंत राखून ठेवणारे पुष्कळ. ती रिअ‍ॅक्शन आहे. मार बसला त्याच क्षणी, मारणारा दिसत असेल आणि ६० फुटांत असेल तर वापरायची.

शेवटी आवृत्ती. २०१४ च्या नियमांत टिफलिंगला करिश्मा (छाप पाडण्याची ताकद) २ आणि इंटेलिजन्स (बुद्धी) १ ने वाढवून मिळतो, आणि रिब्यूकच्या नुकसानीला दहा बाजूंचे तीन फासे. २०२४ च्या पुस्तकात ती वाढ पात्राच्या पार्श्वभूमीकडे (त्याचं आधीचं आयुष्य, कामधंदा) गेली. वारसे तीन झाले: इन्फर्नल, अ‍ॅबिसल, थॉनिक. आग सोसण्याची ताकद फक्त इन्फर्नलला, अ‍ॅबिसलला विष सोसतं. वारशातला फुकटचा रिब्यूकही दोन फाशांवर आला. एकाच्या मोबाइलमध्ये जुनी पीडीएफ, दुसऱ्याकडे नवी, असं असेल तर कॅरेक्टर शीट (पात्राचा तपशील लिहायचा कागद) भरण्याआधीच एक ठरवा. पैसे नसतील तर २०१४ च्या नियमांचा मूळ गाभा, टिफलिंगसकट, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली मोफत आहे. एकाने उतरवून घेतला की गटात सगळ्यांना पाठवता येतो.