खडकावर पसरणारे प्रवाळ: कापण्याआधी आणि कापल्यानंतर

रीफ टाकीत (प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) फ्रॅगिंग, म्हणजे प्रवाळाचे तुकडे कापून नवे वाढवणं, शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं की मी पसरट मोंटिपोरा, सायफास्ट्रिया, सामोकोरा, लेप्टोसेरिस या प्रवाळांची नावं सांगतो. यांना नाजूक फांद्या नसतात. खडकाला चिकटून हे कडेकडेनं पुढे सरकतात आणि छोटा तुकडाही सहसा तग धरतो. कापणं अवघड नाही. खरी मेहनत त्या तुकड्याची कड नव्या पृष्ठभागावर चढावी यासाठी करावी लागते.

आधी मूळ वसाहतीची कड नीट पाहायला शिका. वाढत्या प्रवाळाच्या कडेला फिकट पट्टा दिसतो. नवखे त्याला घाबरतात, आणि ऊती मागे हटून उघडा पडलेला सांगाडाही तसाच पांढरा दिसत असल्यामुळे कधी उलट फसतात. वाढीच्या पट्ट्यावर पातळ, सलग ऊती असते. उघड्या सांगाड्यावर बारीक खळगे रिकामे दिसतात आणि थोड्याच दिवसांत त्यांवर शेवाळ धरतं. ऊती मागे हटत असेल तर कटर खाली ठेवा आणि पाणी तपासा. आल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) 8 ते 9 डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम आणि मॅग्नेशियम 1300च्या आसपास, हे आकडे गाठणं बऱ्याच जणांना जमतं. ते हलू न देणं हेच काम. तुकडे वाढू लागले की आल्कलिनिटी पूर्वीपेक्षा लवकर उतरते, म्हणून चाचण्याही वाढवा.

कटरशिवायची एक पद्धत माझी आवडती आहे. वाढत्या कडेला सिरॅमिकचा प्लग (तुकडा बसवायची छोटी चकती) किंवा फरशीचा तुकडा टेकवून ठेवायचा. प्रवाळ स्वतः त्यावर चढतो आणि नंतर फक्त जोड तोडायचा. वेळ लागतो, पण गोंद लागत नाही आणि जखमही अगदी लहान होते.

कापायचंच असेल तर पातळ थराला बोन कटर (हाड कापायची कात्री) पुरतो. जाड थर त्यानं वेडावाकडा फुटतो. तिथे हिऱ्याच्या पात्याची करवत बरी, आणि पातं कायम ओलं ठेवायचं. चष्मा आणि हातमोजे दोन्ही घाला. त्याच खडकावर झोअँथिड (प्रवाळांचे मऊ, झुबक्यानं वाढणारे नातेवाईक) असतील तर हे दुप्पट लागू, कारण काहींमध्ये पॅलीटॉक्सिन हे घातक विष असतं आणि करवतीचे तुषार डोळ्यांत उडतात. कापाकापी टाकीबाहेर, टाकीचंच पाणी भरलेल्या वेगळ्या भांड्यात करावी. मग तुकडे दुसऱ्या भांड्यात खळबळून डिपमध्ये, म्हणजे कीड मारणाऱ्या द्रावणात, घालावेत. बाहेरून आलेल्या मोंटिपोराला एक डिप पुरत नाही: मोंटिपोरा खाणाऱ्या न्यूडिब्रँकची (बिनशंखाच्या समुद्री गोगलगाईची) अंडी डिपमधून वाचतात, म्हणून आठवड्याच्या अंतरानं पुन्हा डिप आणि मध्ये खालची बाजू भिंगानं तपासणं.

आता चिकटवण्याबद्दल. तुकडा जाड असला तर प्लगवर पायरी तयार होते आणि कडेला ती उतरून खाली यावं लागतं. म्हणून मी तळ घासून शक्य तितका पातळ करतो, तो टिपून कोरडा करतो आणि सुपरग्लूच्या जेलवर दाबून बसवतो. उरलेल्या पायरीला जेलचाच उतार करून द्यायचा. प्लगवर केसाळ शेवाळ असेल तर दुसरा घ्या. त्यावर प्रवाळ पुढे सरकायला कचरतो.

तुकड्यांना पहिले काही दिवस मूळ वसाहतीपेक्षा कमी उजेड आणि मध्यम प्रवाह द्यावा. लेप्टोसेरिसला तर पुढेही प्रखर दिव्याखाली नेऊ नका. लेप्टोसेरिसच्या काही जाती समुद्रात 100 मीटरहून खोलही सापडतात. सपाट अंगावर गाळ साचतो, फांद्यांवर साचत नाही तितका. मधूनमधून पिचकारीनं तो उडवा, नाहीतर त्याखालची ऊती मरते.

एकाच वसाहतीचे छोटे तुकडे फरशीवर थोड्या अंतरानं लावले तर ते भेटल्यावर एकमेकांत मिसळून जातात, आणि त्यांची मिळून कड जास्त असल्यामुळे फरशी लवकर भरते. फ्लोरिडातल्या मोट मरीन लॅबोरेटरीत डेव्हिड वॉन यांनी हेच तंत्र रीफ पुन्हा उभारण्यासाठी वापरलं. वेगवेगळ्या जाती मात्र शेजारी ठेवू नका. चॅलिस प्रवाळ रात्री लांब डंखधारी स्पर्शिका बाहेर काढतात आणि सकाळी शेजाऱ्याच्या अंगावर पांढरा डाग दिसतो. स्टार पॉलिप या झपाट्यानं पसरणाऱ्या मऊ प्रवाळाला तर स्वतंत्र खडकाचं बेट करून द्या. मुख्य खडकावर गेला की गाजरगवतासारखा सगळीकडे.

पहिला तुकडा विकत घेताना टाकीत वाढवलेलाच मागा. सर्व दगडी प्रवाळ साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट 2मध्ये आहेत, त्यामुळे सीमेपलीकडून मागवायचा तर कागद लागतात. शिवाय टाकीतल्या तुकड्याला कृत्रिम उजेडाची सवय झालेली असते. तुमचे तुकडे दुसऱ्याला द्यायची वेळ आली की ताजे कापलेले देऊ नका. कड गोंद ओलांडून प्लगच्या बाजूवरून खाली उतरू लागेपर्यंत थांबा.