रेड अ‍ॅरोज हॉक, १/७२: लाल रंग मळकट का दिसतो

ब्रिटिश हवाई दलाच्या रेड अ‍ॅरोज या कसरती पथकाच्या हॉक जेटचे १/७२ मॉडेल, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे, सुमारे साडेसोळा सेंटीमीटर लांब होते. धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी नाकात ५ ग्रॅम शिसे बसवा, नाहीतर विमान शेपटीवर बसेल. जोडरेषेवर पुट्टी लावा, सुकल्यावर ४०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलसर घासा. चकचकीत लाल रंग बारीकसा ओरखडाही लपवत नाही, म्हणून इथे घाई नको.

खरी मेख रंगात आहे. करड्या प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरावर, लाल रंग मळकट दिसतो. प्रायमर पांढराच हवा. पोटावरचे पांढरे पट्टे आधी रंगवा, २४ तासांनी मास्किंग टेपने झाका, टेपच्या कडा नखाने दाबा. त्या कडांवर पांढऱ्याचाच एक पातळ हात द्या, म्हणजे लाल आत झिरपणार नाही. मग लाल रंगाचे तीन-चार पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात आणि पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) कोरीव रेषा बुजतात. उलट क्रम, म्हणजे लालवर पांढरा, टाळाच: लाल वर येऊन पांढरा गुलाबी होतो.

डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, ग्लॉस (चकचकीत) वार्निशवरच लावा. मॅटवर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी डाग पडतात. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर फवारू नका, पांढुरकी झाक येते. कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणाला, फेव्हिकॉल वापरा. सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकटते.