मोहाशी झगडताना देवावर भरवसा कसा ठेवावा

मोहाला बळी पडलो की आपण मनाच्या दुबळेपणाला दोष देतो आणि पुढच्या वेळी मन घट्ट करण्याचा निश्चय करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय सावकाश वाचला, तर हा निश्चय अपुरा का पडतो ते कळते. येशू 40 दिवस आणि 40 रात्री उपाशी होता आणि सैतानाने त्याच्यापुढे भाकरीचाच विषय काढला. भूक खरी होती, भाकर खाणे हे काही पाप नव्हते. पित्याने देण्याची वाट न पाहता ती आपल्या हाताने मिळवावी, एवढेच सैतानाला हवे होते. पुढे 11व्या वचनात देवदूत येऊन येशूची सेवा करतात. मोह आणि भरवसा हे दोन निरनिराळे विषय म्हणून शिकवू नयेत असे माझे ठाम मत आहे, ते यामुळेच. बहुतेक मोहांच्या मुळाशी एखादी खरी गरज असते आणि ती कोण भागवणार, यावर सारा झगडा चाललेला असतो.

म्हणून आधी ती गरज ओळखावी. चिक्कोडीकडच्या एखाद्या शेतकऱ्याचे उसाचे बिल कारखान्याकडे अडकलेले असते, सोसायटीचा हप्ता तोंडावर आलेला असतो आणि अशा वेळी मटक्याचा आकडा लावण्याचा विचार डोक्यात घुसतो. त्याने प्रार्थनेत केवळ ‘प्रभू, मला पापापासून दूर ठेव’ असे म्हणून थांबू नये. ‘प्रभू, बिल अजून जमा झालेले नाही, हप्ता सोमवारी भरायचा आहे, आणि मला भीती वाटते’ असे रक्कम आणि वार सांगून बोलावे. खानापूर तालुक्यातून शिकायला येऊन बेळगावात खोली घेऊन राहणारा मुलगा रात्री मोबाइलवर नको ते पाहत असेल, तर त्यामागे पुष्कळदा एकटेपणा असतो. त्याने तो एकटेपणा देवापुढे मांडावा. गरज अशी स्पष्ट सांगितली म्हणजे देवाने ती कशी भागवली हेही पुढे ओळखता येते. भरवसा वाढतो तो अशा ओळखण्यातूनच, त्यामुळे मागितलेली गोष्ट एका वहीत तारखेसह लिहून ठेवावी.

दुसरी गोष्ट वेळेची. 1 राजे 19 मध्ये संदेष्टा एलीया थकून मरण मागतो, तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. त्याला झोपू देतो, दूताकरवी दोनदा भाकर आणि पाणी देतो, आणि मग त्याच्याशी बोलतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून पाळी संपवून निघालेल्या, उपाशी आणि अंग आंबलेल्या माणसाने दारूच्या दुकानावरून जाताना केवळ मनोबलावर विसंबू नये. सुटल्याबरोबर दोन घास खावेत, पगाराच्या दिवशी रस्ता बदलावा, पैसे आधीच घरच्यांच्या खात्यावर जमा करावेत. चोर्ला घाटाने गोव्याहून परतणाऱ्या गाडीचालकाला दुकाने कुठे लागतात ते पाठ असते. त्याने शक्यतो सोबत घेऊन प्रवास करावा. असे करण्यात विश्वासाची उणीव आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याला उत्पत्तीचा 39वा अध्याय दाखवावा: धन्याच्या बायकोने धरले तेव्हा योसेफाने तिथे वाद घातला नाही, अंगावरचे वस्त्र तिच्या हाती सोडून तो बाहेर पळाला.

तिसरे म्हणजे वचन. येशूने सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातील आहेत: 8:3, 6:16 आणि 6:13. इस्राएल लोकांनी अरण्यात 40 वर्षे ज्या ज्या ठिकाणी देवावर अविश्वास दाखवला, त्याच प्रसंगांशी ही वचने जोडलेली आहेत. म्हणजे येशूने हाताला येईल ते वचन उच्चारले नव्हते. आपणही आपल्या गरजेला उत्तर देणारा एखादाच उतारा निवडून पाठ करावा. पैशाच्या चिंतेला मत्तय 6:25-34, एकटेपणाला स्तोत्र 139, सूड घेण्याच्या इच्छेला रोमकरांस पत्र 12:19. आपल्या सीमाभागात पुष्कळ मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात आणि अनेकांच्या मोबाइलवर शास्त्रही त्याच भाषेत असते. पाठांतर मात्र ज्या भाषेत आपण घरी रागावतो आणि रडतो त्या भाषेत करावे, कारण अडचणीच्या घटकेला तीच आधी ओठांवर येते.

याकोब 5:16 एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगते. हे जमण्यासाठी माणूस नीट निवडावा लागतो. लहान गावात घरोघरच्या प्रार्थनासभेत सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी विहिरीवर पोहोचते, म्हणून पुरुषाने एखाद्या वडीलधाऱ्या पुरुषाजवळ, स्त्रीने स्त्रीजवळ, अथवा पाळकांजवळ एकांतात बोलावे. कॅथलिक बांधवांना पापनिवेदनाचा संस्कार आहे आणि तिथे ऐकलेले गुप्त ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक असते.

मोहाचे व्यसन झाले असेल, तर प्रार्थनेबरोबर उपचारही घ्यावेत. अनेक वर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम सोडली, तर झटके येऊन जिवावर बेतू शकते, म्हणून सोडण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते. वैद्याची मदत घेणाऱ्याचा देवावरील विश्वास कमी असतो, हे शिकवणे थांबले पाहिजे. अशा शिकवणीने घरे उद्ध्वस्त होतात.

इतके करूनही पाय घसरला तर? शिष्य पेत्राने ‘मी येशूला ओळखत नाही’ असे म्हणून त्याला नाकारण्याआधीच येशूने पेत्रासाठी प्रार्थना केली होती, हे लूक 22:32 मध्ये स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे तुमचे पडणे त्याला अनपेक्षित नव्हते आणि परतण्याची वाट त्याने आधीच खुली ठेवली आहे. त्यामुळे रविवारच्या उपासनेची वाट न पाहता त्याच रात्री गुडघे टेकावेत, 1 योहान 1:9 वाचून पाप त्याच्या नावानिशी कबूल करावे, गेलेल्या पैशांचा खरा आकडा घरच्यांना सांगावा, आणि पुढचा पगार कोणाच्या हाती द्यायचा ते झोपण्यापूर्वी ठरवावे.